आबांचे कान आणि माझी काटकसर

शिकलेलं कधी वाया जात नाही, असं म्हणतात. माझं वाया गेलं असतं तर आमच्या घरावर फार उपकार झाले असते.

मी शिरूरला मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत घरीच ब्लाउज शिवते. बावीस वर्षं शिवतेय, पण गिऱ्हाइकांची नावं काही माझ्या लक्षात राहत नाहीत. म्हणून मापाच्या वहीत मी नावाऐवजी तोंडं काढून ठेवते. छाती छत्तीस, कंबर बत्तीस, आणि शेजारी तोंड. कुणाची हनुवटी, कुणाचा अंबाडा, कुणाचा कायम वर चढलेला ओठ. ही वही मी कधी कुणाच्या हातात देत नाही (दिली असती तर आज मी दुसऱ्या गावात ब्लाउज शिवत असते). गेल्या दसऱ्याला आमच्या ह्यांना सणसवाडीच्या कंपनीत लकी ड्रॉमध्ये टॅब लागला, आणि त्याच आठवड्यात मला मोबाईलवर एक जाहिरात दिसली. एकवीस दिवसांत डिजिटल व्यंगचित्रकार व्हा, घरबसल्या. मी म्हटलं, नाहीतरी बावीस वर्षं चोरून तेच करतेय, आता रीतसर शिकून करावं.

कोर्समधले सर भराभर बोलायचे, पण मला पहिल्याच दिवशी सगळं कळलं. लेअर लेअर म्हणून ते अर्धा तास समजावत होते, ते म्हणजे आपलं अस्तर. वरचं कापड वेगळं, आतलं अस्तर वेगळं, एकाला धक्का न लावता दुसरं उसवता येतं. ‘अनडू’ तर मला इतकं आवडलं की विचारू नका. पडद्यावर दोन बोटं टेकवली की केलेली चूक गायब. चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंच्या ब्लाउजची बाही माझ्याकडून उलटी कापली गेली, तेव्हा मी त्या कापडावर दोन बोटं तीनदा टेकवून पाहिली. बाही उलटीच राहिली.

सरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. पहिली, ओळखीचा एक चेहरा रोज काढा, त्यात जे ठळक आहे ते शोधा आणि वाढवा. दुसरी, दर वेळी नवीन कॅनव्हास उघडा, म्हणजे नवा कोरा कागद घ्या. पहिली मी तंतोतंत पाळली. दुसरी मला पटेना. जी बाई उरलेल्या चिंधीतून बटणपट्टी काढते, तिनं रोज एक अख्खा कोरा कागद संपवायचा? मी आपली एकच कॅनव्हास घेऊन बसले. एक तोंड काढून झालं की पुसायचं आणि तिथंच दुसरं काढायचं.

“अगं, तो काय खरा कागद आहे का?” हे म्हणाले. “कितीही घे, संपत नाही.”

“म्हणून काय उधळायचा?” मी म्हटलं.

आता वैशालीबद्दल सांगते, कारण सगळा जीव तिच्यात अडकला होता. वैशाली म्हणजे माझी धाकटी नणंद. एका दवाखान्यात नर्स आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि शाळेत जाताना तिच्या वेण्या मी घालायचे. आता ती बत्तिशीची. तीन स्थळं अगदी शेवटी येऊन मोडली. तिसऱ्या वेळी पाहुणे पोहे खाऊन, हसून बोलून गेले आणि नंतर त्यांनी फोनच उचलला नाही. वैशालीनं त्यानंतर दोन महिने रात्रपाळी मागून घेतली. ते दोन महिने मला अजून आठवतात.

मग दौंडचं स्थळ आलं. मुलगा नीलेश, शिक्रापूरच्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करणारा, शांत, हसरा. त्याला वडील नाहीत, आई आहे आणि आजोबा आहेत. आजोबांना सगळे आबा म्हणतात. आबा रेल्वेत गार्ड होते आणि त्या घरात अजून त्यांनी हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय काही हलत नाही. ही मंडळी एकदा वैशालीला बघून गेली, सगळ्यांचा एकत्र फोटो झाला, पसंती कळवली गेली. आता रविवारी येऊन सुपारी फोडायची आणि यादी करायची, एवढंच राहिलं होतं. शनिवारी साडीला पिको करून घ्यायला वैशाली माझ्याशेजारी बसली आणि खालमानेनं म्हणाली, “वहिनी, या वेळी होईल ना गं?”

तिनं असं कधीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “होणार म्हणजे होणारच. मी आहे ना.” (हे वाक्य पुढे मला फार महागात पडलं.)

आमच्याकडे अशा वेळी पाहुण्यांना टोपी-टॉवेल देऊन मान करतात. पण माझ्या डोक्यात कोर्स शिरलेला. मी सासूबाईंना म्हटलं, “आई, आबांना आपण त्यांचं चित्र देऊ. मी काढते. फ्रेम करून.”

“टोपी-टावेल द्या आन् मोकळं व्हा,” सासूबाई म्हणाल्या. “टोपीनं कुणाचं लगीन मोडल्यालं आजवर ऐकलं न्हाई.”

“टोपी सगळेच देतात. चित्र लक्षात राहील त्यांच्या.”

“त्याचंच भ्या वाटतंय मला.”

खरं सांगायचं तर आबांचं चित्र माझ्याकडे तयारच होतं. त्या एकत्र फोटोवरून मी आठवडाभर गृहपाठच करत होते. आबांच्या चेहऱ्यात ठळक काय? कान. ते मी सरांच्या सांगण्याप्रमाणे वाढवले होते, आणि दोन कानांवर दोन झेंडे लावले होते, एक लाल, एक हिरवा. हे चित्र देणं शक्य नव्हतं, पण त्यातल्या मिशा अशा झकास उतरल्या होत्या की पुसायला हात धजेना. मग मी तेच केलं जे कुठलीही शिवणारी बाई करते. आल्टर केलं! कान आत घेतले, गाल थोडे सैल सोडले, मान सरळ केली, झेंडे उसवून टाकले. तासाभरात गंभीर, भारदस्त आबा तयार. फोटो स्टुडिओत छापून सोनेरी फ्रेम केली.

रविवारी अकराला मंडळी आली. आबा, नीलेश आणि त्याची आई. आबा खुर्चीत ताठ बसले. नीलेशच्या आईनं मागच्या खेपेला आमचा फ्रीजसुद्धा उघडून पाहिला होता, त्यामुळं या वेळी मी फ्रीज पुसून ठेवला होता. पोहे झाले, चहा झाला. फ्रेम दिली. आबांनी कागद सोडून चित्र पाहिलं, फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्यापुढं हात जोडले. टीपॉयवर थाळीत हळदकुंकू, सुपारी आणि अडकित्ता. ह्यांनी यादीचा कागद मांडीवर घेतला. मी मनातल्या मनात म्हटलं, झालं, दहा मिनिटांचा प्रश्न.

तेवढ्यात नीलेशनं विचारलं, “वहिनी, हे काढलं कशात?”

माझं मेलीचं कौतुक! उठून टॅब आणला, चित्र उघडून त्याच्या हातात दिला.

“अरे, हे ॲप मी पण वापरतो,” तो खूष होऊन म्हणाला. “यात रिप्ले असतो, माहितीय ना?”

“म्हणजे?”

“तुम्ही पहिल्या रेषेपासून जे जे काढलं ते आपोआप रेकॉर्ड होतं. मग व्हिडिओसारखं बघता येतं.”

“पुसलेलं पण?”

“पुसलेलं पण. तीच तर मजा असते.”

एकवीस दिवस. एक कॅनव्हास. आणि घरातल्या एकाही माणसाला मी सोडलेलं नव्हतं.

“मग टीव्हीवर लावा की,” आमचे हे म्हणाले. “मोठं दिसेल. आबांना पण बघू दे.” (लग्नानंतर इतक्या वर्षांत ह्यांनी पाहुण्यांसमोर माझ्या कलेचं कौतुक करायला हाच एक दिवस निवडला.)

“नको नको,” मी म्हटलं, “चार्जिंग संपत आलंय त्याचं.”

“ब्याऐंशी टक्के आहे, वहिनी,” नीलेश म्हणाला आणि त्यानं टॅब टीव्हीला जोडलासुद्धा.

सुरुवातीला नुसते गोल, रेघा, वेलांट्या. पहिल्या दिवसाचा सराव होता तो. आबा चष्मा लावून बघत होते. मी मनात हिशेब करत होते की दुसऱ्या दिवशी कोण होतं, आणि मला आठवलं की दुसऱ्या दिवशी सासूबाई होत्या. पडद्यावर एक इवलंसं डोकं उमटलं, मग त्याला तोंड फुटलं आणि ते तोंड वाढत वाढत अर्धा टीव्ही झालं. आत पडजीभ. बाजूला ताठ उगारलेलं एक बोट.

पाहुणे हसले. सासूबाईही हसल्या. “ही कोण गं?” त्या म्हणाल्या. “यार्डातली कांदेवाली दिसती.”

मग चित्राला चष्मा आला, आणि चष्म्याच्या मोडक्या काडीला बांधलेला काळा दोरा आला. सासूबाईंचा हात आपोआप स्वतःच्या चष्म्याकडे गेला. दोरा तिथंच होता. त्यांचं हसू पाहुण्यांसाठी तसंच राहिलं, फक्त डोळे माझ्याकडे वळले.

मी उठून टीव्हीसमोर उभी राहिले. “अजून थोडे पोहे आणू का?”

“वहिनी, जरा बाजूला होता का?” नीलेश म्हणाला.

मी बाजूला झाले ती थेट पॅसेजमध्ये गेले आणि मेन स्विच खाली ओढला. घरात फ्रीज गपकन थांबला. टीव्ही मात्र चालूच! गेल्या उन्हाळ्यात ह्यांनी इन्व्हर्टर बसवला होता आणि त्यावर पंखा, बल्ब आणि टीव्ही घेतला होता. मी परत आले तर हे आबांना सांगत होते, “बघा आबा, लाईट गेली तरी आमच्याकडं कळत नाही.”

तोपर्यंत हे स्वतः पडद्यावर येऊन गेले होते (तीन केस आणि एक कंगवा), आणि आता वैशाली येत होती. वैशाली तशी सोन्यासारखी मुलगी, पण नाकावर माशी बसू देत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मी तेच काढलं होतं. मोठं नाक, आणि नाकापासून हातभर लांब रांगेत उभ्या असलेल्या माश्या, परवानगीची वाट बघत. स्वयंपाकघराच्या दारात खरी वैशाली उभी होती, मी पिको केलेली साडी नेसून. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग नीलेशकडे पाहिलं. नीलेशला हसू आवरेना.

“खरंय का हे?” त्यानं विचारलं.

“कळेल,” ती म्हणाली. आवाज तसा ठीक होता. पण पदराचं टोक तिनं बोटाला गच्च गुंडाळलं होतं, आणि ती असं कधी करते ते मला माहीत आहे.

इथवर घरचं होतं. आपल्यावर हसणारे पाहुणे उठून जात नाहीत. पण पुढची पाळी दौंडची होती. पुसलेल्या माश्यांच्या जागी एक हिरवी साडी उमटली, छातीशी धरलेली पर्स उमटली, आणि डोळ्यांच्या जागी ट्रकचे दोन हेडलाईट. त्यांचा झोत सरळ एका उघड्या फ्रीजमध्ये पडलेला. नीलेशची आई आज तीच हिरवी साडी नेसून आली होती. पर्सही मांडीवर तशीच.

कुणी हसलं नाही. नीलेशचं बोट टॅबवर गेलं, पण आबा म्हणाले, “ऱ्हाऊ दे. पुढं बघू.”

पुढं काय आहे ते त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. आधी मिशा आल्या, त्या झकास मिशा. मग डोकं, मग टोपी. मग डावा कान वाढायला लागला. मग उजवा. मग परत डावा, कारण उजवा मोठा झाला होता. मग परत उजवा. दोन कान सारखे करता करता मी त्या दिवशी किती वेळ घालवला होता ते आता सगळ्यांना दिसत होतं. शेवटी दोन सुपं टीव्हीच्या दोन कडांना टेकली तेव्हा मी थांबले होते, आणि थांबून कानात केस काढले होते. मग झेंडे. लाल आणि हिरवा.

मग पडद्यावर कान आत जायला लागले, गाल सुटले, झेंडे गेले आणि फ्रेममधले भारदस्त आबा तयार होऊन व्हिडिओ थांबला.

“मागं घे,” आबा म्हणाले.

“आबा, जाऊ द्या ना,” नीलेश पुटपुटला.

“मागं घे म्हंतो न्हवं.”

नीलेशनं मागं घेतलं. कान परत आले. आबा उठले, टीव्हीच्या अगदी जवळ गेले, आणि त्यांनी हळूच स्वतःचा कान चाचपला. सासूबाईंनी डोळे मिटले. वैशाली दारातून माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती. तिनं माझा हात धरला. मला रडू फुटायचं बाकी होतं. शनिवारी मी तिला काय सांगितलं होतं? मी आहे ना. होते की मी. सगळं मीच तर केलं होतं.

“आबा,” मी म्हटलं, “चूक माझी आहे. मी शिकत होते, म्हणून सगळ्यांची काढली. वैशालीला यातलं काही माहीत नव्हतं. मला काय बोलायचं ते बोला, पण तिच्यावर राग धरू नका.”

आबांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. त्यांनी टीव्हीवर बोट ठेवलं. “हे तुम्ही काढलं?”

“हो.”

“आन् हे?” त्यांनी भिंतीला टेकवलेल्या सोनेरी फ्रेमकडं बोट केलं.

“ते पण मीच.”

“ह्यो मानूस कोन हाय पर?”

मला कळेचना. “तुम्हीच की, आबा.”

“मी?” आबांनी फ्रेम उचलली, उजेडात धरली, चष्मा वर-खाली केला. “मला वाटलं तुमचं सासरं हायती. गेल्यालं. पोरीच्या बापाच्या पाया पडून सुपारी फोडायची तुमच्यात रीत आसंल, म्हणून मघाशी मी हात बी जोडलं.”

जोडले होते खरे. मी ते कलेला केलेलं वंदन समजले होते.

सासूबाईंनी आता डोळे उघडले. “न्हाई ओ आबा,” त्या म्हणाल्या. “आमचं मालक दिसायला बरं हुतं.”

आधी नीलेशची आई हसली. खुदकन नव्हे, पर्स मांडीवरून खाली पडेपर्यंत. “मला बी तसंच वाटलं हुतं,” ती म्हणाली, “पर गेल्याल्या मानसाबद्दल इचारायचं कसं?” मग तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडं वळून म्हणाली, “आन् माझं हेडलाईट पुसू नका बरं का. सुनंला आधीच ठावं आसल्यालं बरं.”

वैशालीनं माझा हात सोडला नाही, पण पदर बोटातून सोडला.

आबा अजून टीव्हीकडंच बघत होते. “सगळी नोकरी ह्याच कानांवर केली,” ते म्हणाले. “धा डब्यांपल्याडची शिट्टी ऐकू यायची मला. त्यास्नी आत दडवायला काय झालं हुतं, सूनबाई?” त्यांनी नीलेशला ते कानवालं चित्र मोबाईलवर घ्यायला लावलं आणि तिथल्या तिथं दौंडच्या कुणाकुणाला पाठवायला सांगितलं. दोन मिनिटांत फोनवर फोन सुरू झाले आणि प्रत्येकजण म्हणे पहिल्या झटक्यात ओळखत होता.

मग आबा परत खुर्चीत ताठ बसले. “फोडा सुपारी,” ते म्हणाले. ह्यांनी अडकित्ता उचलला, आणि तेवढ्यात आबांनी हात वर केला. “पर आमची एक अट हाय. यादीत लिव्हा आधी.”

अट हा शब्द ऐकला की मुलीकडच्यांचं काय होतं ते ज्यांनी मुलगी दिलीय त्यांनाच कळेल. ह्यांचा हात हवेतच थांबला. सासूबाई खुर्चीची कड धरून पुढं सरकल्या. माझ्या डोळ्यांसमोर मोटार, फ्लॅट, सोनं, सगळं एका ओळीत येऊन गेलं.

“ह्या बाईंनी,” आबा माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, “लग्नात बी आन् लग्नानंतर बी, आमच्या घरच्या कुणाचं चांगलं चित्र काढायचं न्हाई. काढलं तर वंगाळच काढायचं.”

“मान्य,” सासूबाई म्हणाल्या. आबांचं वाक्य अजून पुरतं संपलंही नव्हतं.

सुपारी फुटली. वैशालीचं लग्न झालं आणि ती दौंडला सुखात आहे. यादीचा तो कागद सासूबाईंनी कपाटात जपून ठेवलाय. त्यात मानपान, जेवणं, वाजंत्री सगळं खाली आहे, आणि पहिल्या नंबरला ह्यांच्या सुवाच्य अक्षरात आबांची अट आहे. माझ्या कलेवर आजवर कुणी लेखी मत दिलं असेल तर ते एवढंच, आणि त्याच्याखाली सही माझी आहे.